जांबोटीचा गारवा आणि पिनो नुआरची थंडी

न्यूझीलंडमधल्या सेंट्रल ओटागोहून परत येताना तू तिथल्या एका घरच्या बागेतल्या पिनो नुआरच्या, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाच्या लाल वाइनच्या, दोन बाटल्या आणल्यास. त्यातली एक बेळगावच्या शहापुरातल्या घरी उघडली, तर बाबांनी ग्लास खिडकीकडे धरून विचारलं, "ह्यात पाणी घातलंय काय गं?" हा तुझा पहिला प्रश्न. दुसरा असा, की जांबोटी रस्त्याला तुमची तीन एकर जमीन आहे, तिथे हवा गार असते, आणि एक माणूस भावाकडे येऊन "पिनोची रोपं मी देतो, मालही मीच उचलतो" असं सांगून गेलाय. तर लावावी का? तिसरा, उरलेली बाटली कशी आणि कशाबरोबर प्यावी. तू मला काका म्हणून लिहिलंस, म्हणून मीही सरळ अगं-तुगं करतो.

लावू नका. भावाला आजच सांग, आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नको. मी अथणी तालुक्यात सव्वीस वर्षं द्राक्ष करतोय, बेदाण्याची केली आणि वाइनचीही केली. ओटागोत एक हंगाम तोडणीला राबलोय. आणि पिनोची चाळीस रोपं माझ्या रानात लावून बघितली आहेत. त्यामुळे नुसतं 'नको' म्हणून थांबत नाही, का नको ते नीट सांगतो.

आधी बाबांची शंका. पाणी घातलेलं नाही, पिनोचा रंगच तसा. कुठल्याही काळ्या द्राक्षाचा मणी दोन बोटांत दाबून बघ, आतला रस जवळजवळ बिनरंगाचा निघतो. लाल रंग येतो तो सालीतून, आणि पिनोची साल पातळ असते. शिवाय शिराज, कॅबर्ने ह्या वाइनच्या दुसऱ्या काळ्या द्राक्षांच्या सालीत रंगद्रव्याचे काही जास्त टिकाऊ प्रकार असतात, ते पिनोत नसतातच. म्हणून ती पहिल्यापासून फिकी दिसते आणि चार-सहा वर्षांत कडेने विटकरीकडे झुकते. ग्लासाखाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता यावीत, इतकी पारदर्शक पिनो चांगली असू शकते. आपल्याकडे काळीकुट्ट आणि घट्ट म्हणजे भारी वाइन असा समज बसलाय. पिनोचं सगळं बळ वासात असतं. मला तिच्यात पिकलेलं करवंद सापडतं आणि मागून चोर्ल्याच्या जंगलात पहिल्या पावसानंतर पालापाचोळा ओला होतो तसा वास येतो. बाबांना सांग, डोळ्यांनी नका बघू, नाक आत घालून दोन मिनिटं बसा.

आता थंडीचं. सगळा घोळ ह्या एका शब्दात आहे, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

बेळगावला आपण गरिबांचं महाबळेश्वर म्हणत आलो. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंची, एप्रिलमध्येही संध्याकाळी वारं सुटतं, जुलैत तर अंगात स्वेटर. हे सगळं खरं आहे. पण पिनोला चांगली मानवते ती वाढीच्या सगळ्या महिन्यांची रात्रंदिवसाची सरासरी १४ ते १६ अंश. बेळगावचा सगळ्यात गार महिना धरलास तरी ही सरासरी २०-२१ च्या खाली जात नाही. पहाट १४ अंशांची असते, पण दुपार २८-२९ वर जाते. जुलैत दिवस गार वाटतो तो ढगांमुळे, आणि त्या महिन्यात रात्र जवळजवळ दिवसाइतकीच उबदार असते. माणसाला गार वाटणं वेगळं आणि वेलीला थंडी मिळणं वेगळं.

सरासरीपेक्षाही मोठा फरक दिशेचा आहे. ओटागोत, ४५ अंश दक्षिणेला, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात डोळे फुटतात, डिसेंबरात फुलोरा येतो, फेब्रुवारीत मण्यात पाणी उतरतं, म्हणजे तो मऊ होऊन रंग धरतो, आणि मार्चअखेर ते एप्रिलमध्ये तोडणी होते. म्हणजे मणी पिकत असताना बाहेर हवा दिवसेंदिवस उतरत असते. एप्रिलच्या मध्याला दुपार १७-१८ अंशांच्या आसपास आणि पहाट ४-५. आपल्याकडे काय होतं? एप्रिलला नवी काडी वाढवायची खरड छाटणी, ऑक्टोबरला घड आणायची गोडी छाटणी, आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतो. म्हणजे आपलं द्राक्ष उन्हाळ्यात शिरताना पिकतं. दर आठवड्याला ऊन चढत जातं, अथणीकडे मार्चमध्ये पारा ३५ च्या वर जातो. बेदाण्याला ह्यासारखी चांगली गोष्ट नाही, साखर भराभर चढते आणि शेडमधला मालही लवकर सुकतो. पिनोला मात्र हे उलटं पडतं.

कसं, ते ओटागोतल्या एका सकाळवरून सांगतो. मी ज्या घरच्या बागेत होतो ती क्रॉमवेलजवळ बॅनकबर्नला. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं, एवढंच घर. आजी रोज सकाळी बादली न घेता, फक्त एक वाटी घेऊन ओळीतून फिरायच्या. इथला एक मणी, तिथला एक मणी, घडाच्या उन्हाकडच्या बाजूचा एक, सावलीकडचा एक. मणी तोंडात टाकायच्या, साल चावत राहायच्या आणि बिया तळहातावर काढून बघायच्या. त्या दिवशी रसातली साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा २३.८ अंश आला. माझ्या हिशोबाने माल तयार होता, आपल्याकडे असता तर संध्याकाळपर्यंत मजूर सांगून झाले असते. आजींनी माझ्या हातावर बिया ठेवल्या. टोकाला हिरव्या होत्या. चावून बघितल्या तर कच्च्या पेरूच्या सालीसारख्या तुरट. त्यांनी मान हलवली आणि तोडणी पुढे ढकलली.

आठ दिवस थांबलो. आठ दिवसांत साखर जेमतेम अर्धा अंश चढली. बिया मात्र तपकिरी झाल्या, दाताखाली भाजल्या शेंगदाण्यासारख्या कट्कन फुटू लागल्या, सालीचा तुरटपणा मऊ झाला आणि आंबटपणा जागेवर राहिला. हे आठ दिवस म्हणजे थंड हवामान. तिथे थांबता येतं. आपल्याकडे मार्चमध्ये आठ दिवस थांब, साखर दोन अंश उडी मारते, आंबटपणा खाली बसतो आणि मणी सुरकुततो. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उबदार रात्री वेल स्वतःच खर्चून टाकते. वर उष्णता ३५ च्या पुढे गेली की सालीत रंग तयार होण्याचं कामच मंदावतं, आणि पिनोकडे रंग मुळात थोडा. मग हाती येते ती गोड, सपाट, मुरंब्यासारख्या वासाची, फिक्या रंगाची वाइन. तिला पिनो म्हणण्यासारखं काही उरत नाही.

आणखी एक थंडी आहे, ती हिवाळ्यातली झोप. ओटागोत मे ते ऑगस्ट वेल पानं गाळून निजते. काडी, ओलांडा म्हणजे वेलीचा आडवा हात, मुळी ह्यांत साठा करून ठेवते आणि वसंतात सगळे डोळे एकदम फुटतात. आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही. म्हणून तर आपण वर्षातून दोनदा छाटतो आणि ऑक्टोबरात डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्ट लावून त्यांना एकदम फुटायला भाग पाडतो. थॉमसन, सोनाका, माणिक चमन ही वाणं ह्या पद्धतीला सरावली, आपल्या वडीलधाऱ्यांनी पन्नास-साठ वर्षं घालून ती बसवली. पिनो अजून सरावलेली नाही.

माझी चाळीस रोपं त्याचीच साक्ष. डोगरिज नावाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर, कलम केलेली वीस आणि ११० आर ह्या खुंटावर वीस. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पेस्ट लावूनही डोळे मागे-पुढे फुटले. टोकाचे दोन फुटले की मधले मुके. एकाच वेलीवर एक घड फुलोऱ्यात आणि दुसरा मोहरीएवढ्या मण्यांचा. काही ठिकाणी घड जिरून त्याच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीची वळलेली तार, झाली. मार्चमध्ये जो माल आला त्याची साखर २४, पण आंबटपणाला धरच नव्हता. ओळखीच्या एका वायनरीत वीस लिटरच्या भांड्यात त्यांनी तो आंबवून दिला. सहा महिन्यांत त्याचा रंग चहासारखा झाला.

मग शेजाऱ्याने सुचवलं, "ऑगस्टात छाट की, डिसेंबरात पिकंल, थंडीतच पडंल." डोकं चांगलं चाललं होतं. पिनो मुळात लवकर पिकणारं वाण, आणि नाशिककडे सटाणा-कळवण भागात आगाप छाटण्या करतातच. पुढच्या वर्षी दहा वेली तशा छाटल्या. सप्टेंबरात फुलोऱ्यावर पाऊस आला, डाऊनी ह्या बुरशीच्या रोगाने अर्धे घड कुजवले. उरलेले नोव्हेंबरात रंगाला आले आणि तेव्हाच तीन दिवस अवकाळी झाली. पिनोचा घड तू बघितला आहेस, मुठीएवढा, मणी एकमेकांत इतके दाबून बसलेले की मध्ये सुईही जात नाही. पाइनच्या बोंडासारखा दिसतो म्हणूनच त्याला पिनो म्हणतात, नुआर म्हणजे काळा. असा घड आतून वाळत नाही. बाहेरून टवटवीत दिसणारा एक घड मी उचलला तर तो हातातच बसला. मधले मणी फुटून रस निघाला होता, राखाडी बुरशी धरली होती, चिलटं उठली आणि शिरक्याचा वास आला. दहा वेलींतून पाच किलोही धड माल निघाला नाही. त्या वर्षी ती रोपं काढून तिथे परत थॉमसन भरली.

हे सगळं अथणीत, जिथे वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडतो. जांबोटीचा विचार कर. मलप्रभा जिथे उगम पावते ती कणकुंबी तुमच्यापासून जवळच, तिथला पाऊस हजारांत मोजावा लागतो. जून ते सप्टेंबर पानं वाळतच नाहीत. खरड छाटणीनंतर काडी पक्व व्हायची असते ती नेमकी ह्याच महिन्यांत, आणि ऊन नसेल तर डोळ्यात घड बसत नाही. पुढचं सगळं पीक तिथेच हुकतं. डाऊनी, करपा, जिवाणूजन्य करपा ह्यांच्या मागे फवारणीचा पंप घेऊन तुम्ही चार महिने फिरत राहाल.

जमिनीचंही बघ. खानापूरला केंद्राची ग्रामीण कुंभारकाम संस्था उगाच आली नाही. तिथल्या मातीची मडकी आणि कौलं होतात, कारण ती चिकण आहे, पाणी धरून ठेवते. वेलीला त्याच मातीत पावसाळाभर पाय बुडवून उभं केलं तर पांढरी मुळी बंद पडते. ओटागोत बॅनकबर्नला पावसाची बेरीज वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटरच्या घरात असते, खाली शिस्टचा खडक आणि वरून वाऱ्याने आणलेली बारीक माती, पाणी टाकलं की झिरपून जातं. त्यांना ठिबकने हवं तेवढंच पाणी देता येतं. आपल्या पश्चिम भागात आभाळ देईल तेवढं घ्यावं लागतं.

तुझा भाऊ म्हणेल, आणि त्याने म्हणावंच, की ओटागोतही लोक आधी नाहीच म्हणत होते. बरोबर आहे. सोन्याच्या शोधात तिथे आलेल्या फेरो नावाच्या एका फ्रेंच माणसाने १८६४ मध्ये क्लाइडला वेली लावल्या होत्या, पण पुढे शंभरेक वर्षं तो भाग द्राक्षाला फार थंड म्हणून सोडून दिला गेला. व्यापारी पिनोची पहिली बाटली तिथून १९८७ साली निघाली. अमेरिकेत ऑरेगनला डेव्हिड लेट यांनी १९६५ च्या सुमारास पिनो लावली, तेव्हा त्यांनाही जाणत्यांनी तिथे द्राक्ष पिकणार नाही म्हणून सांगितलं होतं. १९७९ मध्ये पॅरिसला झालेल्या वाइनच्या स्पर्धेत त्यांची १९७५ ची पिनो फ्रान्समधल्या बर्गंडीच्या नावाजलेल्या वाइनांबरोबर पहिल्या दहांत आली. मग आपण का नाही?

कारण त्यांच्यासमोरची अडचण वर्षातल्या काही रात्रींची होती, आपल्यासमोरची अडचण वर्षभराची आहे. काही रात्रींशी माणूस झुंजू शकतो. मी स्वतः बघितलंय. एप्रिलच्या मध्यावर, खालच्या खोलगट तुकड्याची तोडणी बाकी होती. रात्री अडीचला घरातला गजर वाजला, पारा १ वर आला होता. पाच मिनिटांत सगळं घर बाहेर, मोठा नातूसुद्धा पायजम्यावर कोट चढवून. शेताच्या मधोमध विजेच्या खांबासारखा उंच खांब, वर विमानासारखं पातं, खाली डिझेल इंजिन. ते सुरू केलं. अशा निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन जमिनीलगत साचते आणि वर दहा-पंधरा मीटरवर हवा थोडी उबदार असते. पातं ती वरची हवा खाली ओढतं. दोन-तीन अंशांचा फरक पडतो, पण तेवढ्यावर पीक वाचतं. सकाळी आमच्या तुकड्यातली पानं पिवळी-हिरवी उभी होती. पलीकडे, जिथे पंखा नव्हता, तिथल्या खोलगट भागातली पानं उकडून काढल्यासारखी काळवंडून लोंबत होती. पान गेलं की पिकणं थांबलं. वसंतात कोवळ्या फुटव्यावर असं दव गोठायला लागलं तर ते उलट पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि फुटवा बर्फाच्या आत शून्याच्या आसपासच राहतो. पण फवारा मध्येच थांबवायचा नाही, ऊन चढून बर्फ वितळेपर्यंत चालूच ठेवायचा. हे सगळं करता येतं. तीन एकरांवरच्या रात्री चार महिने दहा अंशांनी उतरवणं कुणालाही करता येत नाही.

आपल्या देशात पिनो अजिबात नाही असं नाही. नाशिक-दिंडोरीकडे थोडी आहे, ती मुख्यतः फेसाळ वाइनसाठी. फेसाळ वाइनचा माल साखर १८-१९ असतानाच, आंबट असताना तोडतात, पिकण्याचे ते शेवटचे आठ दिवस तिथे लागतच नाहीत. त्यासाठी हिंमत करणारी वायनरी शेजारी असेल, तिचा स्वतःचा माणूस रोज बागेत येत असेल, तर गोष्ट वेगळी. जांबोटीला तशी सोय नाही.

आता 'घरची बाग' ह्याबद्दल. तू जाता जाता हेही विचारलंस की त्या बाटलीला इतके पैसे का पडतात, आणि लहान कुटुंबाचं नाव लावून किंमत वाढवलेली तर नसते ना. काही ठिकाणी असेलही. पण पिनोच्या बाबतीत लहान घराला खरंच अर्थ आहे, आणि तो हिशोबात दिसतो. आपण खायचं थॉमसन एकरी दहा-बारा टन काढतो. त्या घरी एकरी दोन-अडीच टनांच्या वर जाऊ देत नव्हते. पाणी उतरायच्या सुमारास सून ओळीत बसून चांगले दिसणारे घडही कात्रीने खाली टाकायची. मला पहिल्या दिवशी ते बघवेना, मी दोन-तीन उचलून खिशात घातले. एका बाटलीला एक-सव्वा किलो द्राक्ष लागतं. त्या टाकलेल्या घडांच्याही बाटल्या झाल्याच असत्या, पण पातळ झाल्या असत्या. बर्गंडीत हे भांडण फार जुनं. तिथल्या ड्यूक फिलिपने १३९५ साली हुकूम काढून गामे नावाचं भरपूर पिकणारं वाण काढून टाकायला सांगितलं होतं, पिनो राहावी म्हणून.

पानं काढायची ती सकाळच्या उन्हाच्या बाजूची, दुपारच्या बाजूची ठेवायची, नाहीतर पातळ साल भाजते. पक्ष्यांसाठी जाळ्या बांधायच्या, ते तू केलंसच. तोडणी हाताने, उथळ क्रेटमध्ये, खालचे मणी दबू नयेत म्हणून. मग वायनरीत चार-पाच दिवस थंड ठेवून सालीतून रंग ओढायचा, आंबायला लागलं की दिवसातून दोन-तीनदा वर आलेला सालींचा थर खाली दाबायचा. मुलगा हे लाकडी दांड्याने करायचा, यंत्राने जोर जास्त लागला तर बियांतला तुरटपणा उतरतो म्हणून. नंतर २२८ लिटरच्या फ्रेंच ओकच्या पिंपात दहा-अकरा महिने. एका पिंपातून तीनशेच्या आसपास बाटल्या. ही सगळी कामं अशी आहेत की चूक झाली तर ती झाकायला पिनोकडे ना रंग आहे ना जाड तुरटपणा. शिराजमध्ये थोडं कमी-जास्त खपून जातं. म्हणून रात्री अडीचला उठणारं, बी चावून बघणारं, घर आणि बाग एकच असलेलं माणूस पिनोला लागतं. आपल्याकडेही पैऱ्याने केलेली बाग आणि मजुरावर सोडलेली बाग लांबून ओळखू येते, तसंच हे.

रोपं आणि 'माल मीच उचलतो' ह्याबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. महाराष्ट्राने २००१ साली वाइनचं धोरण आणलं, पलूस आणि विंचूरला वाइन पार्क झाले, कर्नाटकाचं धोरण २००७ ला आलं. त्या लाटेत कृष्णाकाठच्या आम्हा बऱ्याच जणांनी वाइनची द्राक्षं लावली. मीही पावणेदोन एकर शिराज लावली, एका कंपनीच्या करारावर. दोन वर्षं माल गेला. २००८-०९ च्या मंदीत त्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि तोडणीच्या आठवड्यात निरोप आला की यंदा उचलणार नाही. करारात 'गुणवत्तेनुसार' असा एक शब्द होता, त्यावर सगळं सुटलं. वाइनचं द्राक्ष बाजारात नेता येत नाही, बारीक मणी, आत बिया, कोण खाणार? बेदाणाही होत नाही. मी तो माल वेलीवर वाळू दिला आणि मे महिन्यात ओलांडे करवतीने कापले. वडील बांधावर बसून होते, काही बोलले नाहीत.

म्हणून भावाने त्या माणसाला इतकंच विचारावं. त्याची वायनरी कुठे आहे, परवाना कुणाच्या नावावर आहे, जांबोटीच्या पावसात पिनोचा एक तरी घड त्याने पिकवून दाखवलाय का, आणि साखर, आंबटपणा, कूज ह्यांच्या कुठल्या आकड्याला माल नाकारणार ते तो कागदावर लिहून देणार का. रोपं विकण्यात ज्याची कमाई आहे तो चौथ्या वर्षी माल न्यायला येतोच असं नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे एकदा दोघं जाऊन या. वाइनची वाणं ओळीने लावलेली बघायला मिळतील, आणि तिथली माणसं विचारलं तर मनापासून सांगतात.

वाइनचं द्राक्ष करायचीच इच्छा असेल तर जिल्ह्याच्या पूर्वेला ये. अथणी, रायबाग, पुढे विजापूरकडे. कोरडी हवा, मुरमाड जमीन, रात्र थोडी गार. शिराज आणि शेनिन ब्लाँ इथे खरोखर चांगली येतात. हंपीच्या टेकड्यांत कॅबर्ने सोव्हिन्यॉं करून दाखवली आहे. उन्हात पिकणारी वाणं आहेत, त्यांच्या सालीला ऊन सोसतं. घेणारा आधी ठरव, मग खड्डे काढ. जांबोटीच्या तीन एकरांत काय करावं ह्यावर मी बोलू नये, पण तुमच्या शेजारी काजू आणि रताळी करणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसा.

राहिली दुसरी बाटली. बहुतेक फिरकीच्या टोपणाची असेल, न्यूझीलंडमध्ये २००१ नंतर बुचं झपाट्याने गेली. ती आडवी ठेवायची गरज नाही, पण गच्चीखालच्या खोलीत ठेवू नको, एप्रिल-मेमध्ये ती खोली तापते. तळमजल्यावर, जमिनीलगतच्या कपाटात, धान्याच्या डब्यामागे ठेव. लाल वाइन घरातल्या हवेइतकी उबदार प्यावी असं कुणी सांगेल, ते थंड देशातल्या घरांसाठी आहे. आपल्या घरात २८-३० अंश असतात, त्यात पिनोचा दारूपणाच तेवढा नाकात जातो. फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेव आणि काढून लगेच ओत, १४-१५ अंशांवर ती खुलते. पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं, असा काचेचा ग्लास घे, तिसरा हिस्साच भर. पहिल्या वेळी स्टीलच्या पेल्यात घेतली असशील तर बाबांचा तरी काय दोष, त्यात वास साठायला जागाच नसते.

तांबड्या रश्श्याबरोबर नको. तिखटाने जिभेला जी आग होते ती वाइन आणखी वाढवते, आणि पिनोसारखं नाजूक पेय त्यात कुठल्या कुठे जातं. मटण करणार असाल तर पांढऱ्या रश्श्यातलं, किंवा ब्याडगी मिरची घालून केलेलं, रंगाला लाल पण तिखटाला बेताचं सुकं. पण माझं ऐकशील तर पावसाळ्यापर्यंत थांब. खानापूरच्या जंगलातली अळंबी पानात बांधून बाजारात येते, तेव्हा ओळखीच्या बाईकडूनच घे. मातीतून नुकती वर आलेली, छत्री न उघडलेली निवड. धुताना पाण्यात भिजत ठेवू नको. लोखंडी तव्यावर तूप, दोन लसूण पाकळ्या, मीठ आणि किंचित मिरपूड, बाकी काही नाही. कडा तपकिरी होईपर्यंत परत. ताट वाढताना बाटली फ्रिजमधून काढ आणि पहिला ग्लास बाबांना दे.